डी फार्म करायचंय? प्रवेशापासून मेडिकलच्या काउंटरपर्यंतचं सगळं

बारावीचा निकाल लागला की ओळखीतली पोरंपोरी विचारायला लागतात, ताई नीटमध्ये काही जमलं नाही, बीएस्सी करायची इच्छा नाही, डी फार्म म्हणजे फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा करू का, नोकरी लागते का, स्वतःचं मेडिकल टाकता येतं का. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितेय. मी तालुक्याच्या गावात मेडिकलवर फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरवरच असते, त्यामुळे कॉलेजवाले माहितीपत्रकात जे सांगत नाहीत ते पण यात येईल.

आधी उत्तर देऊन टाकते. करा, चांगलं काम आहे, पण काउंटरवर उभं राहायची तयारी असेल तरच करा. सर्टिफिकेट कुणाच्या तरी दुकानात टांगायचं आणि महिन्याला घरबसल्या पैसे घ्यायचे असा हिशोब डोक्यात असेल तर ती दोन वर्षं दुसऱ्या कशाला तरी द्या. याच्यावर पुढे बोलतेच.

बरेच जण नेटवर फार्मसी टेक्निशियन असं शोधतात. ब्रिटन अमेरिकेकडे तशी वेगळी पोस्ट असते, तो माणूस फार्मासिस्टच्या देखरेखीखाली औषध काढतो, मोजतो, लेबल लावतो. आपल्याकडे कायद्यात ही मधली पायरी नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ प्रमाणे दोन वर्षांचा डिप्लोमा करून राज्याच्या फार्मसी कौन्सिलला नोंदणी झाली की तुम्ही थेट रजिस्टर्ड फार्मासिस्ट, आणि दुकानात बाकीचे जे असतात ते हेल्पर किंवा सेल्समन. म्हणजे वीस बावीस वर्षांच्या पोराच्या सहीवर अख्ख्या दुकानाची औषधं जातात. हे वजन आधीच लक्षात असलेलं बरं.

प्रवेशाला बारावी सायन्स पाहिजे, फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यासोबत बायोलॉजी किंवा मॅथ्स. महाराष्ट्रात डी फार्मला सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कांवर मेरिट लागतं, अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाच्या म्हणजे डीटीईच्या कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, भरायचा. फॉर्म सुटल्यावर कागदांसाठी धावपळ करू नका, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमिलेअर जे जे लागू असेल ते निकालाच्या आधीच तहसीलला टाकून ठेवा कारण जून जुलैत सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते. पहिली पसंती सरकारी कॉलेजला द्या, कराड, अमरावती इथल्या शासकीय फार्मसी कॉलेजांत फी कमी असते आणि लॅब पण असते, सीट मात्र मोजक्या. प्रायव्हेटला गेलात तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म न चुकता भरा, खुल्या प्रवर्गातल्यांना पण उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेतून फीची निम्मी रक्कम मिळू शकते, पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की ते गेलं.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा, फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या वेबसाइटवर त्या कॉलेजचं नाव डी फार्मसाठी मंजूर यादीत आहे का आणि ते तुमच्या प्रवेशाच्या वर्षासाठी आहे का. मंजुरी नसेल तर डिप्लोमा हातात येऊनही नोंदणी होत नाही. आणि कुणी एजंट म्हणाला की परराज्यातून डी फार्म करून देतो, फक्त परीक्षेला जायचं, कॉलेजला यायची गरज नाही, तर तिथेच विषय संपवा. हा कोर्स रेग्युलरच असतो, हजेरी ७५ टक्के लागते, पत्रद्वारे वगैरे काही नाही. असल्या सर्टिफिकेटवर नोंदणी करायला गेलेल्यांवर गुन्हे दाखल झालेत.

अभ्यासक्रम आता २०२० च्या नवीन नियमांचा आहे, परीक्षा एमएसबीटीई म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ घेतं. पहिल्या वर्षाला फार्मास्युटिक्स, केमिस्ट्री, फार्माकोग्नोसी, ॲनाटॉमी फिजिऑलॉजी आणि सोशल फार्मसी, दुसऱ्या वर्षाला फार्माकोलॉजी, कम्युनिटी फार्मसी, बायोकेमिस्ट्री, फार्माकोथेरप्युटिक्स, हॉस्पिटल फार्मसी आणि कायदा. सगळे पास व्हायला लागतातच, पण काउंटरवर रोज पोट भरणारे विषय म्हणजे फार्माकोलॉजी आणि कायदा. मराठी मीडियमची पोरं इंग्रजी नावांना घाबरतात, घाबरायचं काहीच नाही, नावांच्या शेवटाकडे बघायला शिका. शेवटी ओलॉल आलं की बीपी हार्टची बीटा ब्लॉकर, सार्टन आलं की बीपी, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल, प्राझोल म्हणजे बहुतेक ॲसिडिटी, ग्लिप्टिन म्हणजे शुगर. बहुतेक ठिकाणी लागू पडतं, पण फ्लुकोनाझोल, अल्बेंडाझोल बघून ॲसिडिटी समजू नका, पूर्ण शेवट वाचायचा. एक वही करा, कंटेंटचं नाव, कशासाठी, जेवणाआधी का नंतर, कोणाला देऊ नये, एवढे चारच रकाने. रोज पाच औषधं लिहिली तरी दोन वर्षांत वही कुठल्या कुठे जाते आणि ही वही नंतर नोकरीत पण उपयोगी पडते.

मग येतं ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग. कमीत कमी तीन महिने, हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकलवर, आणि त्यातले निम्मे तास तरी प्रत्यक्ष चिठ्ठीवरून औषध देण्यात जायला पाहिजेत. खरी परिस्थिती काय तर अर्धी मुलं ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून सही शिक्का आणतात आणि तीन महिने एमपीएससीचा अभ्यास नाहीतर शेती बघतात. कृपा करून असं करू नका. कॉलेजात तुम्ही मिक्सचर आणि मलम बनवलेलं असतं, पण कुठल्या डॉक्टरचं अक्षर कसं आहे, होलसेलरचा माल कसा उतरवून घ्यायचा, रिटर्न कसा काढायचा, रडणाऱ्या पोराला कडेवर घेतलेल्या बाईला औषध कसं समजावायचं, हे फक्त इथेच कळतं. आणि ट्रेनिंगला बारका मेडिकल घेऊ नका, सिव्हिल हॉस्पिटल किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या जवळचं गर्दीचं दुकान घ्या. पहिले पंधरा दिवस फक्त रॅक पाठ करा, कुठलं औषध कुठे आहे, ए टू झेड लावलंय का कंपनीप्रमाणे. मग माल लावायला घ्या, बिलाशी बॅच आणि एक्सपायरी जुळवत. मग सिनिअरच्या शेजारी उभं राहून चिठ्ठ्या वाचा, औषध तुम्ही काढायचं आणि त्यांनी तपासायचं. हा क्रम पाळला तर तीन महिन्यांत माणूस तयार होतो.

नवीन नियमांच्या बॅचसाठी डिप्लोमानंतर एक्झिट एक्झाम पण आणलीय, नियम २०२२ मध्ये आले आणि पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, सगळे बहुपर्यायी, प्रत्येकात ५० टक्के, आणि तिन्ही एकाच वेळी सुटले पाहिजेत, एक सुटला म्हणून तो बाजूला राहत नाही. कितीही वेळा देता येते. कायद्याचा पेपर पोरं हलक्यात घेतात, घेऊ नका. तुमच्या बॅचला काय लागू आहे ते कौन्सिलच्या नोटिशीवरूनच बघा, व्हॉट्सॲप ग्रुपवरून नको. त्यानंतर महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलला नोंदणी, तिथून नंबर मिळाला की तुम्ही फार्मासिस्ट. नोंदणी रिन्यू करायची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि लग्नानंतर नाव बदललं, पत्ता बदलला तर कौन्सिलला कळवा, आम्हा मुलींचं इथेच अडतं, नोंदणीवर एक नाव आणि आधारवर दुसरं.

आता काउंटर. चिठ्ठी हातात आली की लगेच रॅककडे पळायचं नाही. आधी पूर्ण वाचायची, पेशंटचं नाव, वय, तारीख, मग औषधं. आणि विचारायचं, पेशंट कोण आहे, तुम्ही का घरातलं कोणी. निम्म्या वेळा चिठ्ठी घेऊन आलेला माणूस पेशंट नसतो आणि आपण त्यालाच सगळं समजावून मोकळे होतो. १-०-१ म्हणजे सकाळ रात्र हे सगळ्यांना कळतं, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे लागली तरच, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, हे पहिल्या आठवड्यात तोंडपाठ व्हायला हवं. अक्षर लागलं नाही तर अंदाज करायचा नाही, फोन करायचा. डॉक्टर चिडतील असं वाटतं, एखादा चिडतोही, पण बहुतेक डॉक्टर नीट बोलतात आणि नंतर तुमच्यावर भरवसा ठेवायला लागतात.

नावांचा घोटाळा हा सगळ्यात मोठा धोका. कार्बामॅझेपिन फिटसाठी आणि कार्बिमाझोल थायरॉइडसाठी, घाईत वाचलं तर सारखंच दिसतं. हायड्रॉक्सीझिन खाजेची, हायड्रालझिन बीपीची. ब्रँडच्या पुढची अक्षरं आणि आकडे तर फारच जपून, टेल्मिसार्टन नुसतं वेगळं, एच लागलं की त्यात लघवीची गोळी आली, एएम लागलं की बीपीची दुसरी गोळी ॲम्लोडिपिन आली. शुगरच्या जीपी १ आणि जीपी २ मध्ये फरक फक्त एका आकड्याचा, पण त्यातलं शुगर उतरवणारं ग्लिमेपिराइड दुप्पट होतं आणि म्हातारा माणूस दुपारी चक्कर येऊन पडतो. माझी सवय सांगते, स्ट्रिप रॅकमधून काढताना एकदा नाव वाचायचं, काउंटरवर चिठ्ठीशेजारी ठेवून दुसऱ्यांदा आणि पिशवीत टाकताना पेशंटला मोठ्याने सांगत तिसऱ्यांदा. गर्दी कितीही असो. रंगावरून, पॅकिंगवरून ओळखायची सवय लागली की ती मोडा, कंपन्या पॅकिंग बदलत असतात.

मेथोट्रेक्सेटबद्दल वेगळं लिहिते कारण याच्यात माणूस जातो. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज घेतली तर रक्तपेशी कमी होतात, तोंड सोलून निघतं, जीवावर बेततं. पेशंट बहुतेक साठीच्या पुढची बाई, बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या, त्यामुळे ही पण रोजची समजते. मी दर वेळी विचारते, आजी ही गोळी कधी घेता? सोमवारी म्हणाली तर ठीक. रोज रात्री म्हणाली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन लावायचा, गोळी द्यायची नाही. आणि बरोबर उत्तर आलं तरी स्ट्रिपवर जाड मार्करने वार लिहून द्यायचा, सोबतची फॉलिक ॲसिड वेगळ्या पाकिटात, त्याच्यावर तिचे वार, डॉक्टरांनी लिहिलेत ते. आजींना वाचता येत नसेल तर सुनेला नाहीतर नातवाला फोन करून सांगायचं. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

लहान मुलांच्या औषधात दुसरा धोका. पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स असतात त्यात १ मिलिला १०० मिग्रॅ असतं, आणि सिरप १२५ चं असेल तर ५ मिलिला १२५ मिग्रॅ, म्हणजे ड्रॉप्स चौपट कडक. आई सिरपच्या सवयीने ड्रॉप्सची बाटली उघडून एक चमचा देते, म्हणजे ५०० मिग्रॅ, आणि बाळ असतं १० किलोचं, ज्याला एका वेळी साधारण १०० ते १५० बसतं. म्हणून बाटली देताना ड्रॉपर उघडून दाखवायचा, या रेघेपर्यंत, याच्या वर नाही, पेनाने रेघ ओढली तर अजून चांगलं. घरातला चहाचा चमचा मापाला वापरायचा नाही हे प्रत्येकीला सांगायचं, टोपीवरच्या खुणा बोट ठेवून दाखवायच्या. सर्दीचं क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही असं केंद्राने डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय, तरी मागच्या वेळची बाटली दाखवून मागणारे येतातच, त्यांना नाही म्हणायचं.

ड्राय सिरप कधी पावडर आहे तशी देऊन मोकळं होऊ नका. विचारा, पाणी घालायला येतं का. येतं म्हणाल्या तरी सांगा, आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी नाहीतर सोबत आलेलं पाणी, निम्मं घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं, दर वेळी देताना हलवायचं, आणि किती दिवस ठेवायचं ते लेबलवर वाचून सांगायचं, अमॉक्सिसिलिन क्लॅव्हचं असेल तर फ्रीजमध्ये आणि सात दिवसांनी उरलेलं फेकायचं. ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करायचं नाही हे पण.

अशाच बारक्या गोष्टी खूप आहेत. दम्याच्या रोटाकॅप, म्हणजे मशीनमध्ये घालून पावडर श्वासात ओढायच्या कॅप्सूल, लोक पाण्याबरोबर गिळतात, खरंच गिळतात, म्हणून मशीन काउंटरवर उघडून एकदा करून दाखवा. बायकांच्या अंगावरून जाण्यासाठी आत ठेवायची गोळी असते ती पण तोंडाने घेतली जाते, नवरा चिठ्ठी घेऊन आला तरी त्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा, लाजू नका. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा तास आधी, आणि कॅल्शियम लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. लोहाची गोळी चहासोबत नको. मेटफॉर्मिन जेवणासोबत. इन्सुलिन फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात ठेवलं आणि गोठलं तर ते गेलं, नंतर वितळवून चालत नाही. खेड्यात फ्रीज नसलेल्यांना मातीच्या भांड्यात गार ठेवायची पद्धत डॉक्टरांना विचारून समजावून द्या, आणि तुमच्याकडून घरी नेताना थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी थेट न चिकटवता.

स्ट्रिप कापून द्यायची वेळ रोज येते, गरीब माणूस चारच गोळ्या मागतो आणि त्यात काही चूक नाही. कात्री लावताना ज्या बाजूला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलीय ती बाजू दुकानात राहू द्या, म्हणजे उरलेल्या गोळ्यांची तारीख कळते, आणि पेशंटच्या पाकिटावर नाव, ताकद, एक्सपायरी पेनाने लिहा. एक्सपायरी ३/२०२७ लिहिलं असेल तर मार्चअखेरपर्यंत चालते.

आता कायदा, पण पुस्तकातला नाही, रोज लागणारा. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांची कायद्यातली यादी, त्यातलं काही चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. शेड्यूल एच १ ही त्याहून कडक यादी मार्च २०१४ पासून लागू आहे, त्यात वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लागणाऱ्या काही गोळ्या, याचं वेगळं रजिस्टर लिहायचं, डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि तीन वर्षं जपून ठेवायचं. टीबीचं औषध दिलं तर २०१८ पासून त्या पेशंटची माहिती सरकारला कळवणं पण आपल्यावर आहे. शेड्यूल एक्स ही नशा आणणाऱ्या औषधांची सगळ्यात कडक यादी, तिला चिठ्ठीच्या दोन प्रती, एक आपल्याकडे दोन वर्षं, औषध कुलपात. बहुतेक मेडिकल एक्सचं लायसन्सच घेत नाहीत. रजिस्टर रोजच्या रोज लिहा, महिनाअखेरीला बसून एका पेनाने लिहिलेलं रजिस्टर ड्रग इन्स्पेक्टरला लांबून ओळखू येतं.

रजिस्टर लिहिणं सोपं आहे, अवघड आहे ते नाही म्हणणं. अल्प्राझोलॅम मागायला पोरं येतात, मालेगावकडे तिला कुत्ता गोळी म्हणतात, झोप येत नाही म्हणतील, आईची चिठ्ठी घरी राहिली म्हणतील, दुप्पट पैसे देतील. खोकल्याचं कोडीनवालं औषध, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, गर्भपाताच्या गोळ्या, हे सगळं त्यातच. आवाज न चढवता एकच वाक्य, चिठ्ठी आणा, देते. वाद घालायचा नाही, कारण द्यायचं नाही, दहा वेळा तेच वाक्य. गावात एकदा कळलं की तुमच्याकडे मिळत नाही, येणं बंद होतं. त्याहून जास्त त्रास नेहमीच्या भल्या गिऱ्हाइकांचा, नायट्याला ती ट्यूब द्या, चेहऱ्याला ती क्रीम द्या. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, आधी बरं वाटतं मग नायटा अंगभर पसरतो, चेहऱ्याची कातडी पातळ होते. २०१८ मध्ये असली १४ क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकलीत ती याचसाठी. इथे मात्र नुसतं नाही म्हणून भागत नाही, बसवून सांगावं लागतं. मावशी, ही ट्यूब लावली की नायटा गेल्यासारखा वाटतो पण आत दबतो, स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, सरकारी दवाखान्यात दाखवलं तरी चालेल. ऐकतात लोक.

माल सांभाळणं हे निम्मं काम आहे. ज्याची एक्सपायरी आधी ते पुढे, नवीन आलेलं मागे, दर महिन्याला ठरवून एकेक रॅक तपासायचा, तीन महिन्यांच्या आत संपणारं वेगळं काढून स्टॉकिस्टला परत. एक्सपायर माल वेगळ्या खोक्यात, विक्रीसाठी नाही असं मोठं लिहून, आणि ते खोकं विक्रीच्या रॅकजवळ नको. फ्रीजमध्ये थर्मामीटर, २ ते ८ अंश, सकाळ संध्याकाळ वहीत आकडा, आणि त्या फ्रीजमध्ये कुणाचा डबा नाही, पाण्याची बाटली नाही. लाइट गेली की दार उघडायचं नाही.

बिलावर बॅच नंबर का घालायचा असं नवीन पोरं विचारतात. सप्टेंबर ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्यप्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपने मुलं दगावली, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, कित्येक मुलांना उपचाराला आपल्या नागपूरला आणलेलं. आपल्या एफडीएने म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने लगेच बॅच एसआर १३ विकू नका, वापरू नका असं जाहीर केलं. त्या दिवशी ज्या दुकानात खरेदी विक्री बॅचसकट कॉम्प्युटरवर होती त्याला दहा मिनिटांत कळलं की आपल्याकडे आहे का आणि कोणाला गेलं, बाकीचे खोकी उपसत बसले. म्हणून माल उतरवताना बॅच जुळवणं हे काम हेल्परवर सोडू नका. बिलाशिवाय, स्वस्तात, दारावर आलेला माल तर कधीच नाही. मोठ्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड असतो, शंका आली तर स्कॅन करून बघा.

नोकऱ्या कुठे. मेडिकल, हॉस्पिटलची फार्मसी, चेन दुकानं, होलसेल, जनऔषधी केंद्र. हॉस्पिटलमध्ये शिकायला सगळ्यात जास्त मिळतं, आयसीयूची औषधं, इंजेक्शनं, नाइट ड्यूटी मात्र असते. सरकारीत जिल्हा परिषद, आरोग्य विभाग, महापालिका, रेल्वे, ईएसआय इथे औषध निर्माण अधिकारी म्हणून जागा निघतात, डी फार्मवर अर्ज करता येतो आणि जिल्हा परिषदेला वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३०० होती मागच्या जाहिरातीत. जागा कमी, अर्ज प्रचंड, त्यामुळे नोकरी करत अभ्यास करा, घरी बसून वाट बघत वर्षं घालवू नका. पीएचसीवर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात लागलात तर तिथे एकटेच असाल, पूर्ण औषध भांडार, ई औषधी या सरकारी ऑनलाइन सिस्टीमवरच्या नोंदी, ओपीडीची रांग, सगळं तुमच्याकडे. पुढे शिकायचं असेल तर डी फार्मवरून बी फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, मार्क चांगले असतील तर जरूर करा.

आणि ते सर्टिफिकेट भाड्याने द्यायचं. आपल्याकडे हे इतकं चालतं की कुणाला त्यात काही वाटत पण नाही. भिंतीवर एकाचा फोटो आणि काउंटरवर दहावी नापास पोरगा अँटिबायोटिक देतोय. कायद्याने चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं, इन्स्पेक्टर आला आणि तुम्ही हजर नसाल तर दुकानाचं लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, तुमच्या नावाची तक्रार कौन्सिलला जाते. पण माझा राग कायद्यापुरता नाही. वर लिहिलेली ती मेथोट्रेक्सेटची आजी, ते ड्रॉप्सचं बाळ, त्यांना अडवणारं माणूस काउंटरवर असावं म्हणून तर हे सगळं शिक्षण आहे. तुम्ही घरी आणि तुमची सही दुकानात, मग त्या आजीला कोण विचारणार? आणि पैशाच्या हिशोबाने पण बघा, भाड्याने सर्टिफिकेट मिळतं म्हणूनच मालक म्हणतो पूर्ण वेळच्या फार्मासिस्टला जास्त पगार कशाला. आपलेच लोक आपला पगार पाडतात.

नोकरी धरताना मालकाशी आधीच बोलून घ्या. कामाचे तास किती, सुट्टी कधी, पगार बँकेत का रोख, नियुक्तीपत्र देणार का. मुलींनी रात्री किती वाजेपर्यंत आणि घरी जायची सोय काय हे विचारायला संकोच करू नये. तुमचं नाव लायसन्सवर लागणार असेल तर दुकान उघडं असलेल्या सगळ्या वेळात एक फार्मासिस्ट हवा, दुकान सकाळी ८ ते रात्री ११ आणि फार्मासिस्ट तुम्ही एकटे असं असेल तर उरलेल्या वेळात कोण हे स्पष्ट विचारा. ॲप्रन आणि नाव व रजिस्ट्रेशन नंबरचा बॅज पहिल्या दिवसापासून घाला, २०१५ च्या नियमात तसं आहेच, शिवाय त्याने पेशंट तुमच्याकडे वळून प्रश्न विचारतो, शेजारच्या सेल्समनला नाही.

नोकरी सोडताना सगळ्यात जास्त घोळ होतो. मालक म्हणतो मी कळवतो, जा तू, आणि कळवत नाही, तुमचं नाव महिनोन्महिने त्याच लायसन्सवर राहतं, तिथे काही भानगड झाली तर नोटीस तुमच्या नावाने, आणि नवीन दुकानात नाव लावायला गेलात तर सिस्टीम घेत नाही. म्हणून राजीनामा लेखी द्या, त्याच्या प्रतीवर मालकाची सही तारखेसह घ्या, सही देत नसेल तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, आणि त्याच दिवशी एफडीएच्या जिल्हा कार्यालयाला स्वतः कळवा, ऑनलाइन पण आणि कागदावर पण. पोच मिळेल ती ओरिजनल सर्टिफिकेटच्या फाईलमध्येच लावून ठेवा. आणि ओरिजनल सर्टिफिकेट मालकाकडे ठेवायला कधीच देऊ नका.